बिनक्लचची गाडी

चार माणसं रोज सकाळ-संध्याकाळ एका छोट्या गाडीत कोंबली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटखाली शेंगांची टरफलं साचतात तसे ते आपोआप साचतात. वर्षातून एकदा गाडी झाडायला घ्यावी, तर ओंजळ-ओंजळ निघतात! आमचा कारपूल दिल्लीतला, मयूर विहार ते सेंट्रल सेक्रेटेरिएट, चांगला अकरा वर्षं चालला. घरासमोर मेट्रो आली तरी मोडला नाही. मेट्रोत मराठीत भांडलं की लोक वळून बघतात.

आधी मंडळी सांगते. गायकवाड साहेब, अंडर सेक्रेटरी, मूळचे नगरचे. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर आणि इतर दिवशी गाडीत पुढच्या सीटवर. ज्येष्ठतेनुसार! इनामदार मिरजेचे, आमच्यात सगळ्यात ज्युनिअर, म्हणून मागे. नीलिमा कारखानीस माझी बॅचमेट, शेजारच्याच बिल्डिंगमधली, माझी मैत्रीण, तीही मागे, पण कायम दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून. आणि ड्रायव्हर मी, शैला.

गाडी माझी, म्हणून राज्य माझं. एसी लावायचा की खिडक्या उघडायच्या, रेडिओ कुठला, निघायचं कधी, सगळं मी ठरवायची. "साडेआठ म्हणजे साडेआठ!" म्हटलं की अंडर सेक्रेटरीसुद्धा शर्टाची बटणं लावत जिना उतरायचे. ऑफिसात माझ्यासारख्या सेक्शन ऑफिसर ढिगाने होत्या. त्या गाडीत मात्र हुकूम चालवणारी मी एकटीच होते. हे सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

*

एका सोमवारी नीलिमा पेढे घेऊन खाली आली. मागे लाल रंगाची नवी कोरी गाडी, हार घातलेली.

"ऑटोमॅटिक आहे," ती म्हणाली. "क्लचच नाही! गिअर टाकायचा नाही, काही नाही. फक्त बसायचं आणि चलो!"

इनामदार खाली वाकून पेडल बघायला लागले. "अच्छा? मग डाव्या पायाने करायचं काय?"

"आराम!"

गायकवाड साहेब पुढे झाले. त्यांनी आपला डबा उचलला, माझ्या गाडीजवळून निघाले आणि त्या लाल गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. अकरा वर्षांची माझी सर्व्हिस, एका मिनिटात रिटायर!

"अगं, चल की शैला, मागे बरीच जागा आहे," नीलिमा म्हणाली.

खोटं कशाला बोलू? मी जळले. पायाच्या अंगठ्यापासून जळले. तोंडात पेढा होता, तरी गिळवेना. आणि मागे बसले तर इनामदार म्हणतात, "शैलाताई, जरा सरका ना, माझी बॅग ठेवायचीय."

*

पहिल्याच दिवशी निजामुद्दीन पुलावर पुढची बस थांबली. नीलिमाने घरच्या जुन्या गाडीच्या सवयीने डावा पाय क्लचवर मारायला म्हणून पूर्ण जोर लावून दाबला. क्लच नव्हताच. पाय रुंद ब्रेकच्या पेडलवर पडला!

गाडी जागच्या जागी थिजली. आमच्या माना पुढे जाऊन परत आल्या. गायकवाड साहेबांच्या मांडीवरचा डबा डॅशबोर्डवर आपटून उघडला आणि मसूरची आमटी त्यांच्या टायवरून खाली ओघळली. मागून सगळी दिल्ली हॉर्न वाजवायला लागली.

मला वाटलं, आता साहेब माझ्या गाडीत परत येणार. साहेबांनी शांतपणे रुमाल काढला, टाय पुसला आणि म्हणाले, "नीलिमा, उद्यापासून आधी प्रार्थना, मग ब्रेक."

सगळे हसले. नीलिमा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्या हातून असं झालं असतं तर मला आठवडाभर टोमणे ऐकावे लागले असते.

*

त्याच महिन्यात मी फरीदाबादला मावसबहिणीकडे गेले. तिच्या घरासमोर सोहनलालजी म्हणून एक म्हातारे मेकॅनिक आहेत, फक्त गिअरबॉक्सचं काम करतात. चहा पिता पिता मी रस्ता ओलांडून गेलेच. सहज हं!

"भैया, ये ऑटोमैटिक गाड़ी जल्दी खराब हो जाती है ना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मैडम, गाड़ी खराब नहीं होती. आदत खराब होती है."

मी पर्समधून डायरी काढली. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. एक, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्समधून डी-मध्ये, म्हणजे पुढच्या गिअरमध्ये, टाकायची नाही. दोन, चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरायची नाही, ब्रेकने धरायची, नाहीतर आतलं तेल तापून जळतं. तीन, उतारावर न्यूट्रल करायची नाही. चार, उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक, मग पी, म्हणजे पार्किंग, नाहीतर सगळ्या गाडीचं वजन बोटभर लोखंडावर लटकतं.

"इतना कर लो, तो गिअरबॉक्स आपसे ज़्यादा जिएगा," ते म्हणाले. "आपने ली है क्या?"

"नहीं, मेरी सहेली ने."

"बड़ी अच्छी सहेली हो आप," सोहनलालजी म्हणाले. "इतनी दूर से पूछने आई हो."

*

दुसऱ्या दिवसापासून मला मागच्या सीटवर अजिबात कंटाळा येईना. परीक्षेला सुपरव्हायझर बसतो तशी मी बसायची.

सोसायटीच्या गेटातून गाडी मागे घेताना नीलिमाला थांबायचा धीर नव्हता. गाडी मागे सरकतेय तोवरच हिचा दांडा डी-मध्ये! खालून आवाज यायचा, टक्क.

"काय वाजलं हो?" इनामदारांनी एकदा विचारलं.

"स्पीड ब्रेकर असेल," नीलिमा म्हणाली. "रस्तेच खराब आहेत."

"बिल्कुल," मी म्हटलं. "फारच खराब."

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य रोज गळ्याशी यायचं आणि मी वर वेलदोडा चघळायची.

*

मग तिने पेट्रोल वाचवायला सुरुवात केली. नीलिमाचे वडील स्कूटरवाले. उतार आला की इंजिन बंद करून स्कूटर सोडून द्यायची, ही त्यांची शिकवण! ती शिकवण नीलिमाने नव्या गाडीला लावली. फ्लायओव्हर चढून माथ्यावर आलं, की दांडा न्यूट्रलमध्ये, आणि गाडी आपली घरंगळत खाली. खाली पोचलं, की धावत्या गाडीत परत डी!

"वा!" गायकवाड साहेब म्हणाले. "याला म्हणतात संसारी बाई. शैलाने इतक्या वर्षांत एकदाही उतार वापरला नाही, सगळीकडे पेट्रोल जाळलं!"

चढावर जॅम लागला तरी हिचा पाय ब्रेकवर नाही. ॲक्सिलरेटर नखभर दाबून गाडी अधांतरी धरून ठेवायची, आणि वर आम्हाला दाखवायची, "बघा, हात सोडून! मागे जराही जात नाही. शैलाची गाडी चढावर कशी वीतभर मागे यायची, आठवतंय?"

"आठवतंय तर!" इनामदार म्हणाले. "मी डोळे मिटून घ्यायचो."

इनामदार अकरा वर्षं डोळे मिटून घेत होते, हे मला तेव्हा कळलं. डायरीतला तिसरा नंबर, दुसरा नंबर, दोन्हींवर मी त्या दिवशी मनातल्या मनात टिक केली.

*

एकदा मात्र सांगणारच होते. देवाशपथ!

माझी लेक तन्वी युनिव्हर्सिटीत शिकते. कॉलेजच्या पायऱ्यांवरून पडली आणि मैत्रिणींनी तिला हिंदूराव हॉस्पिटलला नेलं. ऑफिसात दुपारी फोन आला. नीलिमाने माझी पर्स उचलली, तिच्या साहेबांना नुसतं "येते" म्हटलं आणि मला गाडीत घातलं. सगळ्या वाटेत ती एकटीच बोलत होती, मी रडू नये म्हणून.

तन्वी बाकावर बसली होती, हात गळ्यात. "मम्मी, कोहनी दुखतीय यार."

"कोपर म्हण," मी म्हटलं आणि रडले. फार काही नव्हतं, प्लास्टर घालून सोडलं.

बाहेर येऊन बघते, तर रिजच्या टेकडीच्या उतारावर नीलिमाने गाडी नुसती पी-मध्ये टाकून ठेवलेली. हँडब्रेक नाही! दांडा हलवला तेव्हा आत काहीतरी खाड्कन सुटलं आणि गाडीला हिसका बसला. चौथा नंबर. मी ठरवलं, आता सांगायचं. आजच, आत्ताच. एवढी धावून आली बिचारी, थोडी तरी लाज ठेवावी माणसाने.

तेवढ्यात नीलिमा तन्वीला मागे नीट बसवत म्हणाली, "पाय पसरून बस गं राणी. आईच्या डबड्यात प्लास्टर घेऊन बसता तरी आलं असतं का?"

तन्वी म्हणाली, "मावशी, तुमची गाडी बेस्ट आहे."

मी तोंड मिटलं.

*

गाडी गेली ती आयटीओच्या सिग्नलला. दिवा हिरवा झाला. नीलिमाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलली नाही. आणखी दाबला. आणखी मोठ्याने ओरडलं. जळक्या तेलाचा वास सुटला.

गायकवाड साहेबांनी दोन मिनिटं नीट निरीक्षण केलं आणि म्हणाले, "ही आता पक्की सरकारी झाली. आवाज भरपूर, हालचाल नाही!"

मी आणि इनामदार उतरून गाडी ढकलायला लागलो. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. अगदी गार वाटलं. कडेला गाडी लागेपर्यंत वाटत राहिलं. मग नीलिमा उतरली. तिने बॉनेटवर हात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "अगं, माझंच काहीतरी चुकलं असणार. मला कुणी नीट शिकवलंच नाही."

*

दुसऱ्या दिवसापासून कारपूल परत माझ्या गाडीत. साडेआठ म्हणजे साडेआठ! मी रेडिओ बदलला, आरसा सरळ केला, गायकवाड साहेबांना स्वतः दार उघडून दिलं.

पहिल्या गिअरला गाडी हिसकली. "आई गं," साहेब म्हणाले.

दुसऱ्या गिअरला इनामदार म्हणाले, "शैलाताई, राग नका मानू, पण त्या गाडीत मी झोपायचो."

असे पाच दिवस गेले. नीलिमाची गाडी परत कधी येणार, हे तिच्यापेक्षा ते दोघंच जास्त विचारायचे. मी जे जे परत मिळवलं होतं, त्यातलं कुणालाच नको होतं.

*

शेवटचा किस्सा त्या शनिवारचा.

नीलिमाने विचारलं, "तुझ्या मावसबहिणीसमोर कुणी गिअरबॉक्सवाले आहेत ना? तू एकदा म्हणाली होतीस." कधी म्हणाले होते, आठवेना. नाही म्हणता आलं नाही. तिने गाडी उचलून फरीदाबादला पाठवली आणि शनिवारी आम्ही दोघी माझ्या गाडीने पोचलो.

सोहनलालजींनी गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. एका थाळीत काळंकुट्ट तेल, दुसऱ्यात झिजलेल्या चकत्या. त्यांनी नीलिमाला जवळ बोलावलं.

"ये देखो मैडम. बिना रुके रिवर्स से डी डालती हो. ये देखो, चढ़ाई पर रेस देकर रोकती हो. ढलान पर न्यूट्रल करती हो. और हैंडब्रेक तो आप लगाती ही नहीं." ते हसले. "चारों की चारों!"

नीलिमा एकेक तुकडा हातात घेऊन बघत होती. "भैया, मुझे किसी ने बताया ही नहीं."

सोहनलालजींनी हात पुसले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बताया कैसे नहीं? इनको तो मैंने बैठाकर सब समझाया था. आपके लिए ही तो पूछने आई थीं. डायरी में लिखकर ले गई थीं."

नीलिमाने माझ्याकडे बघितलं नाही. हातातली चकती तिने थाळीत जागच्या जागी ठेवली. "कितने दिन लगेंगे?" एवढंच विचारलं. पंधरा दिवस, ते म्हणाले.

परत निघालो. ती पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी. इतक्या वर्षांत त्या सीटवर ती पहिल्यांदाच बसली होती. मी रेडिओ लावला नाही. बदरपूरपर्यंत माझ्या तोंडून तीनदा "नीलिमा" निघालं आणि तिन्ही वेळा तिथेच थांबलं. ती खाली माझ्या पायांकडे बघत होती. मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघवत नसेल.

बॉर्डरच्या सिग्नलला जॅम होता. आम्ही दोन पावलं पुढे, थांबा, दोन पावलं पुढे, असं करत होतो.

"शैला," ती म्हणाली.

"हं?"

"क्लचवरचा पाय काढ."

"काय?"

"गरज नसताना तू सारखा क्लचवर पाय ठेवून चालवतेस. त्याने प्लेट जळते." तिने खिडकीची काच खाली केली. "अकरा वर्षं बघतेय मी."