आक्काताईंनी गूळ का सोडला

आमच्या सासूबाईंना अख्खा गाव आक्काताई म्हणायचा. मी आत्याबाई म्हणायची, आणि मनातल्या मनात काय म्हणायची ते आता लिहून उपयोग नाही. बाई सोन्यासारखी होती, पण फारच शुद्ध सोन्याचा दागिना घडत नाही म्हणतात, त्यातली गत. पाणी जाड फडक्यातून गाळायचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या बाहेर. झाडताना मुंगी दिसली की झाडू थांबायचा, आणि मुंगी आपल्या वाटेनं निघून जाईपर्यंत सूनही कमरेत वाकून थांबायची.

एक गोष्ट मात्र त्यांच्यानं सुटत नव्हती, ती म्हणजे गूळ. कृष्णाकाठचं आमचं गाव, गुऱ्हाळ घरचं. हंगामातल्या पहिल्या काहिलीचा, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईचा, गूळ उतरला की आत्याबाई वाटी घेऊन स्वतः मळ्यात यायच्या आणि गरम गूळ बोटानं चाटून खायच्या. शेजारी कोण उभं आहे याचं भान राहायचं नाही. तेवढ्या वेळापुरती मला त्यांची अजिबात भीती वाटायची नाही.

आम्ही नवराबायको मळ्यातल्या घरात राहायचो. त्या गावातल्या घरात एकट्या असायच्या. ते घर सासऱ्यांनी त्यांच्या नावावर करून दिलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली एक गोरी बाई गावात जागा शोधत आली. कॅनडाची, ख्रिस्ती मिशनची, बायकापोरांसाठी दवाखाना काढायचा म्हणत होती. नाव एडिथ, पण गावानं पहिल्याच दिवशी तिची मिसबाई करून टाकली. आत्याबाईंनी पुढची खोली दवाखान्याला आणि माडी राहायला दिली. अट एकच घातली. या घरात मांस, मासळी, अंडं यायचं नाही आणि शिजायचं नाही. मिसबाईंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. ट्रंकेतून आणलेले माशांचे डबे त्याच दिवशी हरणाबाईच्या मांजराला गेले. ही हरणाबाई पलीकडच्या गल्लीतली, दवाखान्यात झाडलोट करायची आणि घरी कोंबड्या पाळायची.

आत्याबाईंचे चुलतदीर रामगोंडाअण्णा यांना हे पटलं नाही. जैनाच्या घरात किरिस्तावाला जागा देता, उद्या बाई तुम्हालाही बाटवील, असं त्यांनी चार माणसांत ऐकवलं. आत्याबाई म्हणाल्या, “आपल्या आर्यिका न्हाईत का घरदार सोडून हिंडत? ही बी त्यातलीच. हिला जेवणाची शिस्त तेवढी कुणी लावली न्हाई.”

दोघींचं जमलं ते असं, की दोघीही सारख्याच हट्टी होत्या. मिसबाईंनी नाताळाला अंड्याशिवाय केक केला. तो इतका कडक झाला, की आमचे हे म्हणाले, गुऱ्हाळाच्या चुलाणाची एक वीट निखळलीय, बसवून बघू. आत्याबाईंनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि आज माझा उपास म्हणून सुटका करून घेतली. उपास नव्हता, पण कौतुक केल्यावर तो धरावा लागला. मिसबाई पिंजऱ्यात उंदीर धरायच्या, आत्याबाई तो जिवंत नेऊन गावाबाहेर सोडायला लावायच्या, आणि उंदीर बहुतेक आमच्या आधी घरी पोचायचा.

संध्याकाळी दोघी ओट्यावर बसायच्या आणि देवाधर्मावर बोलायच्या. मिसबाईंचं मराठी पुस्तकातलं, आत्याबाईंचं ओढ्याकाठचं, तरी अडत नव्हतं. एकदा मिसबाईंनी सांगितलं, की आमच्या प्रभूनं सगळ्यांची पापं स्वतःच्या अंगावर घेतली, आता माणसानं नुसता विश्वास ठेवला की क्षमा आहे. आत्याबाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, “दुसऱ्यानं फेडल्यालं मला न्हाई रुचायचं. ज्याचं त्यानं फेडावं.” मिसबाई हसल्या. त्या रोज रात्री आत्याबाईंसाठी प्रार्थना करत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी ते आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, करू दे की, तिचं तोंड दुखत नसलं तर माझं काय जातंय.

असं चार वर्षं चाललं. मग एका भाद्रपदात मिसबाईंना टायफॉईड झाला. ताप उतरला, पण बाई उठेना. आधीच शिडशिडीत, आता नुसती काडी राहिली. म्हशीचं दूध पचेना, मुगाचं वरण तोंडात फिरे. मिरजेहून मिशनचे म्हातारे डॉक्टर जीप घेऊन आले आणि त्यांनी सरळ सांगितलं, रोज अंडी आणि कोंबडीचा रस्सा पोटात गेला पाहिजे. नाहीतर महिन्यानं येऊन मी तुम्हाला मिरजेला नेतो, आणि तिथून थेट विमानात. मिशनवाल्यांनी तसं ठरवूनच ठेवलं होतं. एकदा परत गेल्या की पुन्हा इकडे यायचं नाव नाही, हे मिसबाईंनाही ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “मी शब्द दिला आहे. या घरात अंडे येणार नाही.” हरणाबाईनं पदराखाली एक उकडून आणलं, तर तिला वर येऊ दिलं नाही, माडीच्या पायरीवरूनच परत पाठवलं.

डॉक्टरांची जीप गेल्यावर आत्याबाई ओट्यावर येऊन बसल्या. मी धीर करून म्हटलं, आत्याबाई, एक महिना काणाडोळा केला तर काय बिघडतंय. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“काणाडोळा म्हंजे काय गं? करायचं न्हाई, करवून घ्यायचं न्हाई, आन् दुसऱ्यानं केल्यालं बरं वाटून घ्यायचं न्हाई. तिन्ही वाटांनी पाप लागतंय. कंच्या वाटंनं जाऊ, सांग.”

धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी त्यांची अवस्था मी पहिल्यांदाच बघत होते. शेजारची गाय मेली तर दोन दिवस न जेवणारी बाई ती. माडीवर माणूस वाळत चाललं होतं, आणि त्याला वाळवणारी अट त्यांचीच होती. त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाचं ताट तसंच परत केलं. दिवस मावळून गेला होता म्हणाल्या, पण मी दारातून बघत होते, ऊन अजून बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या शिखरावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बस्तीत गेल्या आणि देवासमोर, तिथले पुजारी उपाध्ये साक्षीला ठेवून त्यांनी नेम घेतला. एक महिना त्या घरावर माझी मालकी नाही, तिथलं पाणी नाही, तिथं पाऊल नाही. आमच्यात असे नेम घेतात. कुणी दागिने सोडतं, कुणी प्रवास सोडतं, पण घर सोडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. उपाध्ये तर भारावून गेले. आमच्या ह्यांनी विचारलं, मग महिनाभर घर कुणाचं? आत्याबाई म्हणाल्या, कुणाचं न्हाई. आणि गाळायचं फडकं, जपमाळ नि दोन लुगडी घेऊन बैलगाडीतून थेट मळ्यात आल्या, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात.

आता त्या महिन्याचं काय सांगू. ह्यांना बटाट्याची भाजी आवडते, म्हणून पिठाच्या डब्यामागं माझी एक टोपली असायची. गाडीच्या घुंगरांचा आवाज ऐकला आणि ती टोपली मी परसदारानं गड्याच्या हाती हरणाबाईकडे पळवली. पुढं महिनाभर आम्ही दोघं दिवसाउजेडी जेवत होतो आणि मुंग्यांना वाट देत होतो. मिसबाईंच्या दुखण्याचं पथ्य खरं तर मीच पाळलं. आणि रामगोंडाअण्णा नारळ घेऊन आले, वहिनी तुमचं वैराग्य धन्य आहे म्हणाले, नि चक्क पाया पडले. आत्याबाईंनी पाय मागं घेतले.

पण ज्याच्यासाठी एवढं केलं ते काही होईना. आठवडा गेला आणि हरणाबाई मळ्यात येऊन डोकं धरून बसली. तिनं परड्यात स्टोव्ह मांडला होता, अंडी आणली होती, आणि मिसबाईंचं आपलं एकच चाललं होतं. घर आक्काताईंचं आहे, त्या देवासाठी व्रत करत असताना त्यांच्या पाठीमागे मी शब्द मोडू का? शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण इथं दोन शहाण्या होत्या, आणि जो शब्द बोलायला हवा होता तो एकीला बोलता येत नव्हता. खा म्हटलं की ते करवून घेणं झालं. मीही आपण होऊन बोलले नसते. घर ना माझं, ना अट माझी.

मी आत गेले. आत्याबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मिसबाईंचं नाव काढताच त्यांनी हात वर केला. “त्या घरातलं मला काय सांगू नगंस.”

“सांगत न्हाई. इचारते,” मी म्हटलं. “त्या घराला अट हाय ती कुणाची?”

“घर जिचं तिची.”

“आन् आता?”

सूप थांबलं. त्यांनी एक खडा उचलला, बराच वेळ बोटांत धरला आणि टाकून दिला. “घर सोडलं म्हंजे घरासंगं जे जे हाय ते समदं सोडलं. अट काय मी बरुबर घिऊन आल्ये व्हय?”

“हे मी कुणाला सांगितलं तर?”

“तुजं तोंड मी कवा धरलंय?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं. लग्न झाल्यापासून माझं तोंड धरूनच ठेवलं होतं त्यांनी, पण ती वेळ ते काढायची नव्हती.

मी तशीच गावात गेले आणि मिसबाईंना शब्द न् शब्द सांगितला. त्या उशीला टेकून ऐकत होत्या. “त्या माझ्यासाठी घर सोडून गेल्या आहेत का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्या नेमासाठी गेल्यात, बाकी मला ठाऊक नाही. मिसबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या रडल्या. मलाही रडू आलं. आपल्या सासूसाठी रडू येईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. मग हरणाबाईनं अंडं आणलं, तर मिसबाईंची जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबली, की ते गार झालं. हरणाबाई कुरकुरली, देवाला काय, त्याला गार चालतं.

महिना भरला. हरणाबाईनं आपली भांडी, स्टोव्ह सगळं उचललं, घर धुऊन काढलं, वर चुन्याचा हात दिला. मी आत्याबाईंबरोबर गाडीतून गावात गेले. गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि बघते तर मिसबाई दारात उभ्या. काठी नाही, भिंतीला हात नाही, गालावर रंग. डॉक्टर सकाळीच येऊन रिकामी जीप घेऊन परत गेले होते. आत्याबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, “पाणी गाळलं का?” आणि आत निघून गेल्या. मिसबाईंच्या तोंडचे आभार तोंडातच राहिले.

त्या हंगामात पहिली काहील उतरली. मी वाटी भरून पुढं केली, तर आत्याबाई नको म्हणाल्या. गूळ सोडला. किती दिवसांसाठी विचारलं, तर जन्मासाठी म्हणाल्या. रामगोंडाअण्णा पुन्हा नारळ घेऊन आले.

मिसबाई एकोणऐंशी साली वयानं निवृत्त होऊन मायदेशी गेल्या. जाताना दोघी ओट्यावर बसून होत्या. जीप गेल्यावर आत्याबाई माझ्याबरोबर मळ्यात आल्या. गुऱ्हाळ चालू होतं, सगळीकडे वास सुटला होता, आणि त्या काहिलीकडे पाठ करून बसल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, आत्याबाई, गूळ का सोडला ते आता तरी सांगा.

“त्या दिवशी ती दारात हुबी दिसली न्हवं,” त्या म्हणाल्या, “तवा मला लय बरं वाटलं. काय खाऊन हुबी ऱ्हायली ते ठावं असून बरं वाटलं. तीच की गं तिसरी वाट. मग फेडाय नगं?”

मी म्हटलं, मिसबाईंचा देव तर सगळं माफ करतो म्हणे.

“तिच्या देवानं तिचं बगावं. माजं मी बगती.”

“आन् परत तसंच बरं वाटायची येळ आली असती तर?”

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. धुरानं असेल म्हटलं, पण धूर दुसरीकडे जात होता.

“साकर हुती की सोडायला,” त्या म्हणाल्या.