नसलेल्या पायाखालचा क्लच

आमच्या ह्यांचा डावा पाय अकोल्याला राहिला आणि उरलेले हे तेवढे घरी आले. शेतात बाभळीचा काटा रुतला होता. अंगात साखरेचा आजार आहे, हे त्या काट्यानेच आम्हाला कळवलं. जखम चिघळली, काळी पडली आणि डॉक्टरांनी मांडीच्या मधोमध कापलं. आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातच राहणार की मुंबई राज्यात जाणार, याचा घोळ तेव्हा चावडीवर चालू असायचा. मला त्यात काही गोडी नव्हती. येणारी प्रत्येक बाई मला सांगून जात होती की बाई, कुंकू तर राहिलं.

कुंकू राहिलं, हे खरं. पण ह्यांना पायापेक्षा गाडीचं दुःख मोठं होतं. (नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, ती आता म्हातारपणी कशाला मोडू.) निजामाचं राज्य गेलं तेव्हा हैदराबादकडच्या जहागीरदारांनी आपल्या मोटारी मिळेल त्याला विकून टाकल्या. त्यातली एक ह्यांनी आणली होती. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची विलायती गाडी. ती शर्यतीसाठी बनवलेली आहे असं हे सांगत आणि चालवतही तशीच. शेलूबाजारच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर. बाजाराच्या दिवशी कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची, आणि बैलांनी कान हलवायच्या आत हे त्या रांगेच्या पुढे निघून गेलेले असायचे. गिअर बदलला तरी अंगाला गचका म्हणून बसायचा नाही.

"हात नुसते दाखवाले राह्यते," हे म्हणायचे, "गाडी डावा पाय चालवते."

क्लच म्हणजे काय, ते ह्यांनीच मला समजावलं होतं. इकडे इंजिन फिरतंय, तिकडे चाकं फिरतायत, आणि मध्ये हा पाय. दाबला की दोघांचा संबंध तुटला, सोडला की जुळला. मी म्हटलं होतं, "मंग सासू-सुनेच्या मंधात बी एक बसवून घ्या." सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या दिवशी भाकरी जरा जाडच पडली माझ्या ताटात.

पाय गेल्यावर ती गाडी छपरीत उभी राहिली आणि हे खिडकीशी खाटेवर. रस्त्यावरून मोटार गेली की मान वळायची. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. एकदा मला म्हणाले, "मी बसून खायाचा माणूस नाई. गाडी चालवता येत नसंन तर मले गोठ्यात बांधून टाका, दोन पेंढ्या टाकत जा." हे ते चिडून बोलले असते तर मी चार शब्द सुनावले असते. पण अगदी शांतपणे बोलले, म्हणून मी घाबरले.

आणि गेलेला पाय काही जात नव्हता. "अंगठ्याले कळ येऊन राह्यली, जरा चेपून दे," असं हे म्हणायचे. पहिल्यांदा मी रडले. मग चादरीवर जिथे अंगठा असायला हवा होता तिथे हात दाबून धरू लागले. ह्यांना बरं वाटायचं. सासूबाईंनी हे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून विचारलं, "दवाखान्यातल्यायनं त्या पायाचं काय केलं वो? अग्नी देल्ला का नाई? नसंन देल्ला तर थो घर शोधत येते." मी त्यांच्यावर खेकसले की भरल्या घरात असलं अभद्र बोलू नका. पण त्या दिवसापासून दिवेलागणीला खाटेच्या त्या कोपऱ्याला वळसा घालून जाऊ लागले. कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून.

अशात मुंबईच्या एका दलालाचा निरोप आला. कोणी परदेशी साहेब मायदेशी परत चालला होता आणि त्याची अमेरिकन गाडी विकाऊ होती. आठ सिलिंडरची, आमच्या जुन्या गाडीला मागे टाकणारी, आणि क्लच नसलेली. पायाशी दोनच पेडलं, एक ब्रेक आणि एक ॲक्सिलरेटर. गिअर ती आपली आपण बदलते. हे ऐकून ह्यांनी कित्येक दिवसांनी दाढी करायला न्हाव्याला बोलावलं. माझ्या धाकट्या दिरांना घेऊन आगगाडीने मुंबईला गेले आणि येताना सगळा रस्ता स्वतः चालवत आले. जुनी गाडी त्याच आठवड्यात हिंगोलीच्या एका व्यापाऱ्याने नेली. तिच्याकडे ह्यांनी वळूनही पाहिलं नाही.

नवी गाडी आमच्या फाटकातून जेमतेम आत आली. स्टिअरिंगच्या मागे एक दांडी आणि तिच्यावर काचेआड इंग्रजी अक्षरं. काटा 'एन'वर असला की गाडी मोकळी, 'डी'वर आणला की जुंपलेली. हे आत नवरदेवासारखे बसले होते. मला त्या गाडीची भीती वाटली आणि ह्यांचा चेहरा पाहून तिच्या पाया पडावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

"हे पाह्य," हे म्हणाले, "मी ॲक्सिलरेटरले पाय बी लावून नाई राह्यलो." ब्रेकवरचा पाय त्यांनी नुसता उचलला. गाडी आपसूक चालू लागली. आवाज नाही, घाई नाही. अंगणातून ती कडब्याच्या गंजीकडे निघाली, वासरं बाजूला झाली, आणि हे हसत हसत बसून होते. गंजीला लागायच्या आत त्यांनी ब्रेक दाबला. बैलसुद्धा हाकल्याशिवाय उठत नाही. ही बया मात्र कोणी थांबवत नाही तोवर चालणार होती. मला ते अजिबात आवडलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "तुले माणसाच्या धाकाची सवय हाय," हे म्हणाले, "तिले नाई."

मग आमचं फिरणं सुरू झालं. कधी मालेगाव, कधी किन्हीराजापर्यंत नुसतं हवा खायला. उजवीकडे हे, डावीकडे मी, म्हणजे ह्यांची अर्धी मांडी माझ्याच बाजूला. धोतर दुमडून खाली खोचलेलं असायचं. गाडीने वेग घेतला की इंजिनाचा आवाज चढत जायचा, मग एकदम पातळ व्हायचा. तेव्हा तिने गिअर बदललेला असायचा. आणि बरोबर त्याच वेळी ते धोतर हलायचं. मांडी उचलायची, खाली दाबली जायची आणि हळूच वर यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, खड्डा असेल. पण रस्ता चांगला होता. पुढे मी समोर बघणंच सोडलं. आवाज पातळ झाला की माझी नजर धोतराकडे. एकदाही चुकलं नाही.

मी विचारलं, "तुमी क्लच दाबून राह्यले काय?"

"कोन्त्या पायानं?"

"तेच मी इचारून राह्यले."

हे मोठ्यांदा हसले. मला हसू आलं नाही.

किन्हीराजाच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे एकदा धनगराची मेंढरं रस्त्यावर आली. लांबून दिसत होती. ह्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि मी पाहिलं, मांडी गच्च खाली दाबलेली, डावा खांदा झुकलेला, ह्यांचा चेहरा निवांत. जुनी गाडी अशा वेळी इंजिनापासून सुटून आपसूक मंदावली असती. ही इंजिनाच्या जोरावर आपली पुढे लोटत राहिली. उजवा पाय ब्रेकवर गेला तोवर बंपर मेंढरांच्या लोकरीत शिरला होता. मेलं एकही नाही. धनगराने काठी टेकून गाडीकडे पाहिलं.

"मालक," तो म्हणाला, "तुमची गाडी तुमचं उशिरा आयकते."

परतताना मी भांडले. गाडी उशिरा ऐकत नाही, तुम्ही तिला सांगतच नाही, तुम्ही जिला सांगता ती गाडी हिंगोलीला गेली, असं सगळं बोलले. ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक पाय डाक्टरनं नेला. दुसरा तू नेशीन." तरी मी पुन्हा गाडीत त्यांच्या शेजारी बसत राहिले. एकटे जाण्यापेक्षा बरोबर कोणी असलेलं बरं, असा माझा हिशेब होता.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, वखर, बैलगाड्या सगळ्यांची पूजा व्हायची, आणि मोटार आल्यापासून मोटारीचीही. मोटारीच्या पूजेची ह्यांची स्वतःची रीत होती. चाकांखाली लिंबं ठेवायची, इंजिन चालू करायचं, पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसायचं. मी समोर उभी राहून ओवाळायची. दिरांनी नारळ फोडला आणि मी बाजूला झाले की हे क्लच असा अलगद सोडायचे की लिंबं फुटायची पण गाडीच्या नाकावरचं फूल पडायचं नाही. मग फाटक उघडायचं आणि सोनं लुटायला गावच्या शिवेवर जायचं.

या वेळी मी सकाळीच म्हटलं, "पूजेले गाडी बंदच राहू द्या."

"मेलेल्याची करत असतेत काय पूजा?"

सणाच्या दिवशी असला शब्द नको म्हणून मी आत गेले. नवं लुगडं नेसले, ताट केलं. गाडीला झेंडूचा हार, नाकावर कुंकवाचं बोट. जाऊ मागून म्हणाली, "सवतीले ओवाळाले चालल्या वो बाई." सगळ्या हसल्या. गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून फाटकाला अडसर घातलेला होता. फाटकाकडे पाठ करून मी गाडीसमोर उभी राहिले. दीर नारळ घेऊन ह्यांच्या खिडकीपाशी, दगडाजवळ. हे आत बसले. इंजिन सुरू झालं, सकाळच्या गारव्यामुळे नेहमीपेक्षा चढ्या आवाजात. ह्यांनी दांडी खाली 'डी'वर ओढलेली मला काचेतून दिसली.

मी एकदा ओवाळलं. दुसऱ्यांदा ओवाळताना पाहिलं की ह्यांचा डावा खांदा खाली गेला आहे. तो खांदा मला पाठ होता. माझ्या हातातलं ताट थांबलं. ह्यांनी आता उजवा पाय ब्रेकवरून उचलला असणार, ॲक्सिलरेटरवर ठेवायला. नेहमी ठेवायचे तसा.

लिंबं फुटली. नारळ अजून दिरांच्या हातातच होता. गाडी माझ्याकडे येत होती, तशीच, आवाज नाही, घाई नाही. मी एक पाऊल मागे गेले, पुन्हा एक गेले. बायकांना वाटलं थट्टा चालली आहे, त्या हसतच होत्या. मी काचेतून ह्यांच्याकडे बघत होते आणि हे माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गाडी आपण धरून ठेवली आहे अशी पुरती खात्री असलेला तो चेहरा होता. मग कपाळावर आठी आली, खांदा आणखी खाली गेला, ओठ दाबले गेले. जीव खाऊन दाबत होते. मी ओरडले, "ब्रेक." माझ्या पाठीला फाटक लागलं.

ताट माझ्या आणि गाडीच्या मध्ये होतं, ते वाकलं. नंतर कमरेत काहीतरी तडकल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. अडसर मोडला नाही. गाडी दाबत राहिली, न चिडता, न थांबता. दिरांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली तेव्हा ती बंद पडली, आणि चौघांनी मिळून मागे ढकलली तेव्हा मी सुटले.

कमरेचं हाड चिरलं होतं. ते पुढे भरून आलं. गाडी दिरांनी विकली, आणि ती विकताना ह्यांनी कोणाला एक शब्दही विचारला नाही. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मला अंगणातच खाटेवर घातलं होतं आणि डॉक्टर आणायला माणूस गेला होता. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. दीर भावाला नको ते बोलत होते, ब्रेक काहून नाई दाबला म्हणून.

हे कुबड्या घेऊन माझ्या खाटेशी आले. सगळं अंग घामाने भिजलेलं. दिरांचं एक अक्षर त्यांच्या कानात शिरत नव्हतं. माझ्याकडे वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मी सोडला नाई वो. आई शपथ सोडला नाई. आताबी दाबूनच आहो."

एरवी मला तू म्हणणारा माणूस आज 'वो' म्हणत होता. मी धोतराकडे पाहिलं. अर्धी मांडी खाली ताणलेली होती आणि थरथरत होती. माझ्या अंगापासून गाडी दूर ठेवायला ते अजून तो क्लच दाबून उभे होते. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. मी हात पुढे करून त्या मांडीवर ठेवला.

"सोडा आता," मी म्हटलं. "मी निंघाली बाहीर. सोडा."

मांडी माझ्या हाताखाली हळूहळू सैल पडली. कुबड्या आधी पडल्या, मग हे खाली बसले, माझ्या खाटेच्या पायाला धरून. अकोल्याच्या दवाखान्यात ज्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो त्या दिवशी भर अंगणात, सगळ्यांसमोर, पाय गेला म्हणून रडला.