चांदपाशाची सुई आणि लातूरची बाई

दोन वर्षांमागं भोकरात एक कुजबूज उठली होती: चांदपाशानं अडुसष्टाव्या वर्षी लातूरला बाई ठेवली. उठवली ती बियाणांच्या दुकानवाल्या अमृतरावानं. लातुरात एका जिन्यावरून चांदपाशा उतरताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला म्हणे. अंगात इस्त्रीचा कुर्ता, कानामागं अत्तर, आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी एका बाईच्या नावाची. पाटीवर आणखी काय लिहिलंय ते वाचायला अमृतराव थांबला नाही. सगळी पाटी वाचत बसलं तर बातमी गावात पोचवायची कधी?

गावाला पटायला वेळ लागला नाही, कारण माणूस मूळचाच रंगेल. भोकर ते हिमायतनगर, तीस वर्षं चांदपाशाच्या भोंग्याशिवाय लग्न लागायचं नाही. लिंबावर कर्णा बांधायचा, मांडवात टेबलावर मशीन मांडायची, आणि करवल्यांकडं बघत बघत रेकॉर्ड लावायची. पोरं नाचायला लागली की टेबल हलायचं आणि सुई उडायची. म्हणून सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवून ठेवायचं. सगळेच भोंगेवाले ठेवायचे. पुढं डीजे आला आणि चांदपाशाचं सामान माळ्यावर गेलं.

एक रेकॉर्ड मात्र त्यानं खालीच ठेवली. कव्वालीची होती. ढोलक आणि टाळ्यांच्या पार मागं कुणाचं तरी घुंगरू वाजायचं, अगदी बारीक. ज्वानीत एकदा, कर्णा जोडायच्या आधी, त्यानं ते ऐकलं होतं. पुढं मांडवाच्या गोंगाटात कधी हाती लागलं नाही. आता म्हातारपणी त्याला एकच हौस उरली होती: घरात बसून ते घुंगरू एकदा धडपणी ऐकायचं.

त्यासाठी त्यानं एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर बेत लिहिला. या ईदला स्पीकर, पुढच्या ईदला अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या पुढच्या ईदला मशीन. सुई सगळ्यात शेवटी. भोंगेवाल्याचं डोकं ते. आवाज कर्ण्यात असतो, एवढंच त्याला ठाऊक.

लातूरला जुन्या रेडिओ-रेकॉर्डींचं दुकान असलेल्या संगमेश्वरनं तो बेत वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"पाशाभाई, तुम्ही उलटं करून राहिलेत. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल? सुईनं उचललंच न्हाई, तर स्पीकर काय घरून आणील का?"

"तू मला शिकवतू? तुझ्या लग्नात भोंगा कुणाचा होता?"

"तुमचाच होता. अजून कान वाजतेत."

चांदपाशानं अर्थातच ऐकलं नाही. तीन ईदा गेल्या. स्पीकर आले, अ‍ॅम्प्लिफायर आला, मशीन आली. घुंगरू आलं नाही. मग गुपचूप लातूरला जाऊन त्यानं नवी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेलं डोकं, आणली. सुई केसाएवढी नाजूक. घरी येऊन मशीनवर बसवली आणि हाताच्या सवयीनं तिच्या डोक्यावर चार आणे चिकटवले. दोन रेकॉर्डींत सुई लोळागोळा झाली.

संगमेश्वर हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं या खेपेला दोन कार्ट्रिजा दिल्या. "एकीचं टोक गोल हाय, एकीचं लंबगोल. गोल वरून वरून चालती, लंबगोल रेघेच्या पोटात शिरती. दोन्ही लावून बघा, एक ठेवा, एक परत आणा. आन् चार आणे भिकाऱ्याला द्या."

आता निवड करायची होती. चांदपाशानं गोल लावली: घुंगरू नाही. लंबगोल लावली: घुंगरू नाही. पुन्हा गोल. बाजूला त्याची बायको चांदबी मेथी निवडत बसली होती. (घरात दोघं दखनीच बोलतात, इथं मराठीत सांगितलंय एवढंच.)

"अजी, हे घुंगरू कोण बांधलंय?" ती मान वर न करता म्हणाली. "मघाच्या सुईवर जास्त छान वाजत होतं."

चांदपाशानं रेकॉर्ड थांबवली. "हौ," म्हणाला, "मला पण तसंच वाटलं." आणि उठून बाहेर गेला.

पुढच्या गुरुवारी तो अत्तर लावून लातूरला गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. त्या दुसऱ्या फेरीत अमृतरावानं त्याला जिन्यावर पाहिलं, आणि आठ दिवसांत बातमी चांदबीच्या उंबऱ्यापर्यंत आली. तिनं जेवणाच्या ताटावरच विचारलं.

"कोण हाय ती लातूरची?"

"हाय एक." चांदपाशानं मिशीला पीळ दिला.

"असू द्या. या वयात तुम्हाला जिना चढवती म्हणजे बाई हुशार हाय."

चहाच्या हॉटेलातही तो हाच पीळ देत राहिला. कुणी "काय पाशाभाई, लातूर काय म्हणतं?" असं डिवचलं, की नुसता गालात हसायचा. नाकारलं एकदाही नाही.

चांदबीनं पुन्हा विचारलं नाही. पण सदा त्याच्या उजव्या हाताला बसणारी ती त्या दिवसापासून डाव्या हाताला बसू लागली. एका दुपारी तिनंच कव्वाली लावायला सांगितली आणि तर्जनी गुडघ्यावर ठेवली. गोल सुईवर ते बोट अधूनमधून उचललं. लंबगोल सुईवर ते प्रत्येक ठेक्याला उचललं, एकही चुकलं नाही. चांदपाशा स्पीकरकडं बघत नव्हता. बोटाकडं बघत होता. रेकॉर्ड संपली तेव्हा त्याचं स्वतःचं बोटही त्याच ठेक्यात हलत होतं.

गोल सुई त्यानं डबीत घालून परत पाठवली.

खरी गोष्ट एवढीच. लातूरच्या त्या पाटीवरच्या बाई म्हणजे कानाच्या डॉक्टर, डॉक्टर दामिनी. तीस वर्षं कर्ण्याशेजारी बसून चांदपाशाचा उजवा कान गेला होता आणि डाव्याला बारीक आवाज येत नव्हते. नांदेडच्या दवाखान्यात भोकरचं कुणीतरी भेटलं असतं, म्हणून तो लातूरला जायचा.