देव कसा दिसतो, ते सांगताना

वकिलीची परीक्षा झाली, पाठोपाठ मुन्सफीची जागा चालून आली आणि सीताबर्डीच्या आमच्या घरी पेढे वाटले गेले. माझ्या मनात मात्र एक प्रश्न घर करून बसला होता: देवाने मला नेमके कशासाठी जन्माला घातले? दुःख नव्हते, वैराग्यही नव्हते. नुसते कुतूहल, पण ते काही केल्या शमेना. वडील स्वतः नामांकित वकील. म्हणाले, "असले प्रश्न पेन्शनीत निघाल्यावर विचारावेत." होकार कळवायची वेळ जवळ आली, तसा मी रामटेकला निघालो. म्हटले, रामालाच विचारू.

गडाच्या पायऱ्यांवर एका म्हातारीने माझा हात धरला. तिला दिसत नव्हते आणि सोबतची माणसे पुढे गेली होती. "मले रामापाशी नेतं का, बाबू?" तिला घेऊन मी गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. हात जोडून विचारणार, तोच ती म्हणाली, "देव कसा दिसते, सांग ना गा."

"काळ्या पाषाणाची मूर्ती आहे, आजी."

"अन् तोंड? हासून राहिला का?"

मी निरखून पाहिले. समईची ज्योत हलली की ओठांवर हसू आल्यासारखे वाटे. तसे सांगितले. मग तिने डोळे विचारले, हार विचारला, सीतामाईचे विचारले. दरवर्षी येऊनही मी हे कधी पाहिले नव्हते. बोलता बोलता वनवासाची कथा कधी सुरू झाली, मलाच कळले नाही. थांबलो, तर मागे बरीच मंडळी बसलेली. तिची माणसेही त्यांत होती.

"काहून थांबला?" म्हातारी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते. "आता तर दिसाले लागला होता मले."

गड उतरताना ध्यानात आले, रामाला विचारायचे राहूनच गेले. पण परत वर जावेसे वाटले नाही.

मुन्सफी नाकारली आणि महाल भागातल्या एका वृद्ध कीर्तनकारांकडे शिकायला राहिलो. वडिलांनी बोलणे टाकले. पुढे एका संध्याकाळी ते माझ्या कीर्तनाला आले, खांबाआड बसले. बुक्का लावून घ्यायला वाकले तेव्हा हळूच म्हणाले, "शेवटी तुझा आवाज पडतो. मागच्यांना ऐकू येत नाही."

मी त्यांच्या पाया पडलो. कुठे न्यायचे ते रामाने ठरवले. मी फक्त हात सोडवून घेतला नाही. तेवढी बुद्धी दिली, हेच त्याचे देणे.