पश्चिमेकडे तोंड करून

मामा गेल्याची तार शिरूरला आली, तेव्हा मी फळ्यावर बेरजा लिहीत होतो. हातातल्या खडूसकट एसटी स्टँड गाठला… पण दौंडला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला आता सव्वा महिना झाला, तरी मन ठिकाणावर येत नाही. मला मामाची माफी मागायची होती आणि ‘पुढच्या सुट्टीत जाऊ’ म्हणत ती मी चार वर्षं लांबवली. लाज वाटते, दुसरं काय!

नामदेवमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दौंडला रेल्वे इंजिनांच्या लोकोशेडमधला फिटर. जड लोखंड उचलून त्याची पाठ धरली, तेव्हा शेडमधल्या एका कारकुनाने त्याला सूर्यनमस्कार शिकवले. प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एकेक नाव घ्यायचं, असा कारकुनाचा आग्रह. आम्ही बौद्ध, देवांची नावं घरातून केव्हाच गेलेली. मामा आपला एक, दोन, तीन मोजायचा. “मंत्राशिवाय ही नुसती कवायत,” कारकून कुरकुरायचा. मामा म्हणायचा, “साहेब, पाठ माझी हाय. तिला आकडं चालत्यात.”

चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. संध्याकाळी तिला वाकता येईना. मामा रजा काढून आला आणि वस्तीतल्या विहारापुढे रोज सकाळी तिला आणि तिच्यासोबतच्या बायांना नमस्कार शिकवू लागला. आठवड्यात आईची पाठ मोकळी झाली, हे मला दिसत होतं. पण मी नवा मास्तर, चार पुस्तकं वाचून डोकं तापलेलं! सगळ्यांदेखत ओरडलो, “सूर्याला हात जोडायला धर्म सोडला होता का आपण?”

दुसऱ्या दिवशी मामाने सगळ्यांना पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं, सूर्य पाठीमागे. “आता घाला. न्हाई कुनाला नमस्कार.” बाया हसल्या. मी मात्र हटलो नाही. “नाव नमस्कारच ना? बंद करा!” मामाने नमस्कारासाठी अंथरलेली आपली घोंगडी गुंडाळली, विहारातल्या मूर्तीकडे पाहिलं. “मास्तर, बुद्धबी आसन घालूनच बसलाय की. त्यालाबी उठीवतोस का आता?” सख्ख्या भाच्याला तो मास्तर म्हणाला… त्याच दिवशी तो दौंडला गेला, पुन्हा आमच्याकडे आला नाही. आईची पाठ महिन्याभरात परत धरली.

परवा मामीकडे गेलो. क्वार्टरच्या खोलीत ती घोंगडी अजून अंथरलेलीच. पूर्वेची खिडकी सताड उघडी, आणि तळहातांनी झिजलेलं घोंगडीचं टोक मात्र पश्चिमेच्या भिंतीकडे! “हे असं का?” मी विचारलं.

“चार वर्षं तसंच घालायचे,” मामी म्हणाली. “म्या म्हनायची, हितं कोन बघतंय तुमाला? तर म्हनायचे, भाचा कवा यील नेम न्हाई. त्याला वाईट वाटाया नगं.”

घोंगडी मी मागून आणली. आज सकाळी ती अंगणात पसरली आणि आईला म्हटलं, “घाल.” तिने माझ्याकडे पाहिलं. “कुनीकडं तोंड करू?”

मला ‘कुठंही कर’ म्हणायचं होतं, पण मी वाकून घोंगडीचं झिजलेलं टोक सारखं करत राहिलो. मग तिनंच घोंगडी ओढून उन्हाकडे वळवली आणि मोजायला सुरुवात केली. एक… दोन… तिसऱ्याला तिची पाठ अडली.