मामा गाडी ‘देऊन राहिले’ तेव्हा

डिसेंबरातल्या एका सकाळी नागपूरहून मामांचा फोन आला. “मंजू, मी गाडी देऊन राहिलो. पण त्याच्या आधी तिचं हेड खोला लागते. माह्या गुडघ्यानं खाली बसनं होत नाही आता. येशील का वं?”

गाडी म्हणजे मामांची साडेतीनशे सीसीची जुनी मोटरसायकल. बँकेत कॅशियर म्हणून लागल्यावर त्यांनी घेतलेली. माझी पहिली दुचाकी सवारी तिच्याच टाकीवर बसून झाली आणि तेव्हापासून माझा तिच्यावर डोळा आहे. मी ओरडलेच, “चालेल मामा! येतेच!” कुणाला देताय, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. मला, अजून कुणाला! मी पुण्याहून जायचं तेवढं रेल्वेचं तिकीट काढलं आणि परतीसाठी हेल्मेट, जॅकेट आणि गुडघ्याचे पॅड पिशवीत भरले.

तुम्ही हिवाळ्यात नागपूरला जाणार असाल तर स्वेटर न्या. नागपूर म्हणजे ऊन, या समजुतीवर मी गेले आणि पहाटे स्टेशनवर दात वाजवत उभी राहिले. ऑटोचं भाडं बसायच्या आधी ठरवा, मी नंतर ठरवायला गेले आणि हरले. बाहेर टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागितली तर जीभ शाबूत राहते.

मानेवाड्याला मामांच्या घरी पोचले तेव्हा गाडी पोर्चमध्ये होती, अंगावर मामींची जुनी साडी. दुखणं असं की किक लोण्यात सुरी जावी तशी खाली जायची. कम्प्रेशन, म्हणजे आतला दाबच नाही. म्हणजे इंजिनाच्या डोक्यात शिरणं आलं. मामांना खुर्ची दिली, मी पोत्यावर मांडी घातली आणि सुरुवात केली.

हे ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी पेट्रोलचा कॉक बंद करून पाइप काढायचा, मग सीट, मग टाकी. टाकी उचलली की इतके दिवस झाकलेलं इंजिनाचं डोकं पहिल्यांदा नीट दिसतं, आणि आपल्याला यातलं काहीही कळत नाही हेही दिसतं. मग वरची दोन झाकणं, त्याखाली व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर, आणि रॉकर सुटले की दोन लांब सळ्या वर ओढून काढायच्या. त्यांना पुशरॉड म्हणतात. दोघी जुळ्या वाटतात पण नाहीत, त्यामुळे काढल्या काढल्या खूण करून ठेवा. हेडचा एकच नट एकदम पूर्ण सोडवायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचं. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. मी काढले, आणि नंतर बघितल्यावर सगळे सारखेच दिसत होते.

हेड हातात आलं. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर काजळीची खपली अडकली होती, तो पूर्ण मिटतच नव्हता. मामा असे खूश झाले, जणू चोर पकडला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“हाव ना गा, देऊन राहिलो म्हटलं ना!” मामा फोनवर सांगत होते. “काहून घाबरून राहिले? माही भाची आली पुण्याहून. हेड बंद झालं की तुमची गाडी तुम्ही घेऊन जा.”

तुमची गाडी? मी मांडीवरचं हेड पोत्यावर ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन मामींना हळूच विचारलं, गाडी कुणाला देताहेत म्हणून. मामी बेसनाचे गोळे घातलेल्या गोळाभातावर तेल सोडत होत्या.

“कन्हानच्या व्यापाऱ्याले. जुन्या गाड्यांचा शौक आहे त्याले. काहून, तुले माहीत नाही? हे तर म्हणे, मंजूले सांगितलं अन् ते लय खूश झाली!”

गोळाभात अप्रतिम होता, असं इथे लिहायला हवं. खरं सांगायचं तर मला चव कळली नाही. रडू येतंय, राग येतोय की माझंच हसू येतंय, हेही कळत नव्हतं. मामांना स्पष्ट विचारायचं, तर ज्यांनी शब्द दिलाय त्यांना पेचात टाकायचं. दुपारभर व्हॉल्व्हला पेस्ट लावून घासत बसले. परक्याच्या गाडीचा व्हॉल्व्ह, आणि घासतेय मात्र इतक्या मायेनं.

दुसऱ्या दिवशी जोडणी. गुडघा कुरकुरत असूनही मामा आज खाली बसले आणि पुशरॉड स्वतः बसवायला घेतले. पिस्टन योग्य जागी यावा म्हणून मी इशारा मिळाला की हळूच किक दाबायची, असं ठरलं.

“बसला का मामा?”

“बसवून राहिलो.”

आता, आई नागपूरची असली तरी लग्नानंतर तिनं पुणेरी मराठी अशी उचलली की आमच्या घरात हे ‘राहिलो’ कधी आलंच नाही. तिकडे ‘बसवून राहिलो’ म्हणजे ‘बसवतो आहे’. हे मला माहीत नाही असं नाही. पण त्या क्षणी माझ्या कानांनी ‘बसवून मोकळा झालो’ असं ऐकलं. मी किक दाबली. कट्ट असा आवाज आला. मामांनी बोट वेळेवर मागे घेतलं म्हणून वाचलं. पुशरॉड मात्र वाकला.

“अवं, बसवून राहिलो म्हटलं ना मी!” मामा कळवळून म्हणाले.

मामी दारातून बघत होत्या. मामा हात धुवायला गेल्यावर जवळ येऊन कुजबुजल्या, “मुद्दाम केलं ना वं? चांगलं केलं.” मी शपथेवर नाही म्हणाले. पण त्या इतक्या समजूतदारपणे हसल्या की माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

मामांनी फोनवर कळवलं आणि तिसऱ्या दिवशी कन्हानचा व्यापारीच नवा पुशरॉड घेऊन हजर झाला. त्याला नावं ठेवायची माझी पूर्ण तयारी होती. पण माणूस निघाला साधा. गाडीपुढे उकिडवा बसून हसत म्हणाला, “ताई, मेहनत तुम्ही केली, पहिली चक्कर तुम्हीच मारा. रामटेकले जाऊन या, येता येता कन्हानले गाडी सोडा.” पुशरॉड बसला, रॉकर बसले, टाकी चढली. किक मारताना पायाला असा दणका बसला की मामा टाळ्या पिटू लागले.

मामांना मागे बसवून कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला गेलो. रस्ता चांगला आहे, फक्त कोळशाच्या ट्रकांपासून अंतर ठेवा. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं. मंदिराजवळपर्यंत गाडी जाते, पण हातात प्रसाद दिसला की माकडं हिशेब विचारतात. देवदर्शन झालं. पार्किंगमध्ये गाडीला टेकून मामांनी एकदम विचारलं, “तुले पाहिजे होती काय वं ही? पहिला फोन तुलेच केला होता मी. तू काही मागितलंच नाही. ‘चालेल’ म्हणाली, अन् तेही खुशीत. म्हटलं, पोरीचा जीव नाही गाडीत. मंग त्याले शब्द देल्ला.”

मी गॉगल पुसत राहिले. “छे हो मामा, पुण्यात ठेवायला जागा कुठे आहे?”

जागा आहे. जिन्याखाली मी ती झाडूनच निघाले होते.

कन्हानला किल्ली दिली. त्या व्यापाऱ्याला किक कशी मारायची ते दाखवलं आणि मामांसोबत एसटीनं नागपूरला परतले. गाडीवरून यायच्या ऐटीत निघालेल्या बाईला पुण्याचं ऐन वेळचं तिकीट महागात पडलं.

पुण्यात येऊन आठवडा झाला. नखांतलं काळं अजून निघालेलं नाही. हेड कसं खोलायचं ते आता मला येतं, पण साधी एक गोष्ट तोंड उघडून मागता का येत नाही, हे काही मला समजत नाही. काल शेवटी फोन लावला. गुडघा, थंडी, मामी, सगळं विचारून झालं. मग डोळे मिटून बोलून टाकलं, “मामा, मला हवी होती ती गाडी.”

मी फोन कानाला घट्ट दाबला.

“मलेबी, वं,” मामा म्हणाले.