आठ नंबरच्या मागावरचा वाघ

वाघ मी तयार केला होता, हे आधी सांगून टाकतो. त्या वाघावरून पुढे कारखान्यात पुष्कळ बोलले गेले. पण त्यात माझे नाव कुणी घेतले नाही, आणि बरेच दिवस मी ते घेऊ दिले नाही.

सत्तरच्या दशकातली, मोठ्या दुष्काळानंतरची वर्षे होती. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी ग्राफ काढण्याच्या टेबलावर होतो. वय बावीस. चादरीवर जो मोर दिसतो, तो आधी चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढावा लागतो. त्या ग्राफवरून पत्ते पाडणारा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना, म्हणजे पत्त्यांना, भोके पाडतो. त्या पट्ट्या ओळीने ओवून मागावर चढवतात, आणि जिथे भोक असेल तिथे धागा वर उचलला जातो. कागदावर एक चौकोन चुकला तर त्या पत्त्यांवर विणलेल्या प्रत्येक चादरीत तो चुकणार. ही जबाबदारी मला पहिल्याच महिन्यात समजावून दिली गेली होती. तेव्हा मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही.

वीज तेव्हा वरचेवर जायची. सगळे माग एकदम गप्प झाले की कानात काही वेळ नुसता आवाज घुमत राही, आणि मग विणकर बनियनने घाम पुसत ग्राफच्या खोलीत येत, कारण तिथे उत्तरेला तीन खिडक्या होत्या. वेळ जावा म्हणून मी एक खेळ रचला. रद्दी ग्राफच्या पाठीवर गावाचा नकाशा काढला : ओढा, चावडी, विहीर, शेळ्यांचा वाडा. प्रत्येक गड्याने गावातला एकेक माणूस व्हायचे. कुणी पाटील, कुणी सुईण, कुणी टपालवाला. डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला काळी चिठ्ठी येईल तो दिवसा माणूस आणि रात्री वाघ. गोष्ट मी सांगायची, बोलायचे ज्याने त्याने आपल्या माणसाच्या तोंडून, आणि काय घडले ते कवड्या टाकून ठरवायचे. असले खेळ परदेशात पुस्तके छापून, फासे टाकून खेळतात हे मला फार पुढे कळले. आमची एक दोनशे पानी वही होती. तिच्यात मी वाघाचे नियम शाईने, सुवाच्य अक्षरात लिहीत असे.

वाघ नावाने हाक मारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. विहिरीच्या पाण्यात त्याचे तोंड वाघाचेच दिसते. वाघ उघडा पडला तर मरण्याआधी त्याला कुणाही एकाला एक प्रश्न विचारता येतो. ज्याला विचारला त्याने खरेच उत्तर द्यायचे, खोटे बोलला तर सगळे गाव हरले. हे सारे नियम चांगले होते. वाईट होता तो चौथा : माणसाच्या रूपात असतानाही वाघाच्या उजव्या दंडावर पांढुरके पट्टे राहतात.

आमच्या कारखान्यात असा एक दंड होता. आठ नंबरच्या मागावरचा विणकर सांगोल्याकडून आलेला, पस्तिशीचा, मोजके बोलणारा माणूस. त्याच्या मागावरून आम्ही त्याला ‘आठ नंबर’च म्हणत असू. आधी तो रंगखात्यात होता, आणि तिथे उकळत्या पाण्याची नळी फुटून त्याच्या खांद्यापासून कोपरापर्यंत भाजले होते. कातडी भरून आली ती पट्ट्यापट्ट्यांनी. नियम लिहिताना तो दंड माझ्या डोळ्यांपुढे नव्हता असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. पण तो होता. मला सगळ्यांना हसवायचे होते, आणि ते हसले.

त्याला नाव पडायला एक दुपार पुरली. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायासुद्धा त्याला विचारू लागल्या, काय वाघोबा, आज कुणाची शेळी? तो म्हणे, “तुमची. घरी सांगून आलाय न्हवं?” त्यावरही हशा व्हायचा. पण ऐन उन्हाळ्यात तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मागावर बसू लागला, हे मी पाहिले होते, आणि ग्राफच्या खोलीत तो यायचा थांबला, हेही.

मग ते ठिपके. एका दुपारी खेळात वाघाची वाट मला कुणाला दिसू न देता टिपून ठेवायची होती. हाताशी दुसरा कागद नव्हता. समोर चालू कामाचा ग्राफ होता, नव्या मोराचा. मी त्याच्या मानेतल्याच कोऱ्या चौकोनांत लाल पेन्सिलीने पाच ठिपके दिले, नंतर पुसू म्हणून. तेवढ्यात वीज आली. सगळे मागांकडे धावले, मला आमच्या खात्याच्या मास्तरांनी हाक मारली, आणि मी परत येईपर्यंत पत्ते पाडणाऱ्याने ग्राफ उचलून नेला होता. तो चौकोनाला चौकोन बघून काम करणारा माणूस. मोर आहे की मासा आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसे. पत्ते आठ नंबरवर चढले. तीन दिवसांनी घडीखात्यात कुणाच्या तरी लक्षात आले की नव्या चादरीच्या प्रत्येक मोराच्या मानेत पाच पांढरे कण आहेत.

आमचे मास्तर म्हणजे ग्राफ आणि पत्ते या दोन्हींवर देखरेख करणारे वयस्क तेलुगू गृहस्थ. त्यांनी ग्राफ मागवला. पत्ते पाडून झाल्यावर तो माझ्या कपाटात परत आला होता. तो त्यांच्या हातात देण्याआधी मला थोडा वेळ मिळाला. त्या वेळात मी रबराने पाचही ठिपके पुसले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण बहुतेक आळसाने किंवा अज्ञानाने. ही एक मी नीट विचार करून, फुंकर मारून रबराचा भुगा उडवत केली.

ग्राफ स्वच्छ, पत्त्यांत भोके जास्त. पत्ते पाडणारा मालकांच्या नात्यातला. त्याला विचारण्याचे कुणाला कारण दिसले नाही. मग उरला तो विणकर. त्यानेच कुणाच्या तरी रागाने खिळ्याने भोके पाडली असणार, असे ठरले. ठरले म्हणजे कुणी पुरावा पाहिला असे नव्हे. कुणीतरी हसत म्हणाले की वाघाने पंजा मारला, आणि पाच ठिपके म्हणजे पाच नखे हे इतके चपखल बसले की पुढे कुणाला शंका उरली नाही. माझा चौथा नियम कारखान्यात साक्षीला उभा राहिला होता. मालकांनी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांच्या देखत त्याला मागावरून उतरवले आणि कांड्या भरायला जायला सांगितले. ते काम आमच्याकडे बाया करत. विणकराला तिथे बसवणे म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले.

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळेला आला, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि आपल्या बंद मागाशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. दंड सगळ्यांना दिसेल असा. मास्तरांनी दोनदा समजावले. तो म्हणाला की माझा माग हाच आहे, बसू देत नसाल तर उभा राहतो. पाळी संपेपर्यंत तो उभा होता. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही. वाघोबा म्हणून हाक मारली की “व्हय” म्हणून तो वळून बघायचा. हळूहळू हाका थांबल्या. मी ग्राफच्या खोलीतून मुतारीकडे जाताना आठ नंबरचा रस्ता टाळून रंगखात्यावरून जात असे.

आठव्या दिवशी वीज गेली तेव्हा तो आमच्या खोलीत आला. उघड्या दंडाने टेबलाशी बसला. मी झाकणात चिठ्ठ्या टाकत होतो.

“चिठ्ठ्या नगा टाकू, भाऊ,” तो म्हणाला. “वाघ मी हाय.”

पत्ते पाडणारा म्हणाला की वाघ आधीच माहीत असला तर खेळ कसला?

“हुतोय की. वही बघा. वाघ उघडा पडला तर एक सवाल त्याचा. उघडाच बसलोय मी.” आणि तो माझ्याकडे वळला. “तुमाला इचारतो. पत्त्यातली ती भोकं म्या बघितली. खिळ्याचं भोक फाटतं. ही गोल हायती, यंत्राची. मंजी पाडणाऱ्यानं बघूनच पाडली. तर सांगा, ग्राफवर ठिपके हुते का न्हवते?”

खोलीत आम्ही सहा जण होतो. माझा आवाज आजही बारीक आहे, तेव्हाही होता. मी म्हणालो, “हा खेळातला प्रश्न नाही.”

तो हसला नाही, ओरडलाही नाही. त्याने डाव्या हाताचे बोट उजव्या दंडावरून वरून खाली फिरवले.

“मग हे पट्टे कुटले हुते? खेळातले?”

मी उठलो. कपाटातून मोराचा ग्राफ काढला आणि खिडकीच्या काचेवर धरला. रबर जिथे फिरले होते तिथे कागद पातळ झाला होता. मानेतले पाच चौकोन बाकीच्यांपेक्षा उजळ दिसत होते. त्याने उठून बघितलेसुद्धा नाही. बाकीच्यांनी बघितले.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांना सगळे सांगितले, मास्तरांनी मालकांना. मालकांचा निरोप आला की आठ नंबरने उद्यापासून मागावर बसावे, झाले गेले विसरावे. मला वाटले, संपले. किती सहज वाटले होते, याची आज लाज वाटते.

तो बसला नाही. “समद्यांम्होरं उतरवलंय,” तो मास्तरांना म्हणाला, “समद्यांम्होरं चढवा.”

मालकांना ते मानवले नाही. चूक सुधारली हे पुरेसे नव्हते का, आता माफीही मागायची का, असे ते म्हणाल्याचे आमच्यापर्यंत आले. आणखी दोन दिवस आठ नंबरचा माग बंद राहिला आणि विणकर त्याच्या बाजूला उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला बोलावून सांगितले की तू त्याच्याकडे जा, तुझे ऐकेल, म्हणावे आता ताणू नकोस. दोन आठवड्यांत मी पहिल्यांदाच एक गोष्ट नाकारली. मी म्हणालो, त्याला समजवायला मी जाणार नाही. मालकांच्या खोलीत जातो.

आणि गेलो. ग्राफ हातात होता. मी म्हणालो की ठिपके माझे होते, पुसले मी होते, आणि हे मी उद्या पाळी बदलताना शेडमध्ये सांगणार आहे. आपण यावे अशी इच्छा आहे. आपण आला नाहीत तरी मी सांगणार आहे. ते म्हणाले, तुझी नोकरी कुणाच्या हातात आहे हे ठाऊक आहे ना? मी म्हणालो, ठाऊक आहे. एवढेच माझे शौर्य, आणि तेही उशिराचे. ज्याने दहा दिवस उभे राहून काढले होते त्याच्यासमोर ते मांडण्यासारखेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आपल्या हाताने मुख्य बटण खाली ओढले. माग थांबले. दोन्ही पाळ्या उभ्या होत्या. मालक दारापर्यंत आले आणि दारातच थांबले. मी ग्राफ उंच धरून बोलायला लागलो.

“मोठ्यानं,” मागून आठ नंबर म्हणाला.

मी पहिल्यापासून पुन्हा बोललो. खेळ, ठिपके, रबर, आणि चौथा नियम मी कुणाचा दंड बघून लिहिला तेही. तो शेवटचा भाग मला कुणी विचारला नव्हता. बायांच्या रांगेतून कुणीतरी “अगं बाई” म्हणाले. मी बोलायचा थांबल्यावर सगळे दाराकडे बघू लागले. मालक म्हणाले, “बस मागावर.” पुढे म्हणाले, “चूक आमची झाली.”

तेव्हा तो बसला. ताण्याचे उभे धागे हाताने चाचपले, धोटा तपासला, आणि मास्तरांकडे बघून मान हलवली. बटण वर गेले.

मला ग्राफच्या टेबलावरून काढून वर्षभर पत्ते ओवायला बसवले. ते योग्यच झाले. खेळ बंद पडला. एकदा मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो की हा चौथा नियम तुमच्या समोर खोडतो. त्याने वही हातात घेऊन ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचली आणि परत दिली.

“ऱ्हाऊ द्या की. मी कुटं लपवतोय?”

त्याने मला माफ केले असे तो कधी म्हणाला नाही, आणि मी विचारले नाही. आता माझे वय पंचावन्नच्या पुढे गेले. वही अजून माझ्याकडे आहे, आणि चौथा नियम तिच्यात तसाच आहे. मी कारखाना सोडला तेव्हा डिसेंबर होता. सकाळच्या पाळीला विणकर मफलर गुंडाळून येत. आठ नंबरच्या खुंटीला मात्र सदरा लटकत होता.